लॅपटॉपमधला तांदूळ

"नवीनच आहे ना नक्की?"

हा प्रश्न प्रभाकररावांनी दुकानात विचारायला हवा होता. तो त्यांनी विचारला रिक्षात, मांडीवरच्या खोक्याकडे बघत, स्वतःशीच. रिक्षावाल्याला वाटलं, आपल्यालाच विचारतायत.

"नाय काका, सेकंडहँड घेतली. पण इंजिन एकदम टकाटक हाय!"

प्रभाकरराव ओशाळून "वा, वा" म्हणाले. नवीन पनवेलात घर येईपर्यंत मग त्यांनी स्वतःशीही काही बोलायचं टाळलं.

संशयाला कारण होतं. खोक्याची चिकटपट्टी आधीच उघडलेली होती. "सेटिंग करून ठेवलंय काका, तुमाला तरास नको," असं दुकानाचा मालक दीपेश म्हणाला होता. प्रभाकरराव निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षं त्यांनी वाचनालयात 'कृपया शांतता राखा' या पाटीखाली काढली होती आणि ती सूचना मुख्यतः त्यांनीच पाळली होती. दुकानदाराशी हुज्जत घालणं त्यांना जमणारं नव्हतं. शिवाय आपलंच काहीतरी चुकत असेल, ही शक्यता त्यांना नेहमीच जास्त पटायची.

दारात कुमुदताई तबक घेऊन उभ्या होत्या.

"अगं, आधी जरा तपासू दे."

"पूजेआधी बटणाला हात लावायचा नाही. फ्रिजच्या वेळी लावलात, आठवतंय ना? तीन दिवस बर्फ झाला नाही."

लॅपटॉपच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं, हळद पडली, अक्षता पडल्या. मग पुण्याहून मुलगा सत्यजीत मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून बसला आणि 'इथे दाबा, तिथे दाबा' करत त्याने वडिलांकडून बॅटरीचा अहवाल उघडून घेतला.

"बाबा, हा एक्केचाळीस वेळा चार्ज झालाय!"

"मी तर अजून एकदाही नाही केला."

"तेच म्हणतोय मी. गंडवलं तुम्हाला! आधी ते रंग सोडणारं केशर, मग झाकण नसलेला मिक्सर, आता हे. बाबा, यापुढे घरात काहीही घ्यायचं तर मला विचारून घ्यायचं. भाजी सोडून."

"भाजीसुद्धा," कुमुदताई म्हणाल्या. परवाची वांगी त्या विसरल्या नव्हत्या.

प्रभाकररावांनी दुकानात फोन केला. दीपेश हसला.

"काका, कंपनीवाले टेस्टिंग करतात ना! आनि सॉफ्टवेअर काय पन दाखवतं. बरं, पूजा केली का?"

"हो, केली."

"मग झालं! पूजा केलेली वस्तू आमी परत घेत नाय."

फोन बंद झाला. प्रभाकरराव टेबलाशी बसून राहिले. आपल्याला आता भाजीसुद्धा आणता येणार नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मन असं खचलं, की हात आपोआप जुन्या सवयीवर जातात. वाचनालयात परत आलेलं प्रत्येक पुस्तक ते उघडायचे, उलटं धरायचे आणि पाठीवर दोन बोटांनी टकटक करायचे. कुणाचं एसटीचं तिकीट पडायचं, कुणाचं वाळलेलं फूल, एकदा तर एका मुलाचं लपवलेलं प्रगतिपुस्तक पडलं होतं. पुस्तक कुणी हाताळलं असेल, तर ते सांगतंच.

त्यांनी लॅपटॉप उघडला, उलटा धरला आणि टकटक केलं.

कुमुदताईंच्या अक्षतांचे चार दाणे पडले. आणि मग पडदा जिथे जोडलेला असतो त्या फटीतून, कुरकुरत, पाचवा दाणा आला. लालसर, जाडजूड.

"कुमुद, हा तुझा?"

कुमुदताईंनी चष्मा लावला, दाणा पाहिला आणि अपमान झाल्यासारख्या म्हणाल्या, "माझ्या घरात कोलम असतो! असला जाडा तांदूळ लग्न झाल्यापासून मी शिजवलेला नाही."

तासाभरात दोघं दुकानात होते. लॅपटॉप पिशवीत, दाणा चिमटीत, आणि पुराव्यासाठी कोलमची डबी कुमुदताईंच्या पर्समध्ये.

"बॅटरी कंपनीत चार्ज झाली, हे मला मान्य आहे," प्रभाकरराव इतक्या हळू म्हणाले की दीपेशला पुढे वाकावं लागलं. "फक्त एक शंका आहे. कंपनी आतून अक्षता टाकून पाठवते का?"

दीपेशने दाण्याकडे पाहिलं. "तुमीच पूजा केली ना काका? तुमचाच असनार."

"माझा?" कुमुदताईंनी डबीचं झाकण उघडून काउंटरवर आपटलं. "हा माझा. बघा आणि बोला!"

कोपऱ्यात खुर्ची टाकून दीपेशचे वडील, काळूराम, बसले होते. लॅपटॉपमधलं त्यांना काही कळत नसे, पण तांदळाचं नाव निघालं आणि ते उठून आले. दाणा तळहातावर घेतला, फुंकर मारली, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, ह्यो तर आपला! विचुंब्याच्या शेतातला! तिथं बिल्डरचे टावर व्हायच्या आधीचा शेवटचा तांदूल. पूजेपुरता ठेवलाय मी डब्यात. कुठं घावला तुमाला?"

"बाबा, तुमी बसा ना जरा—"

"बसू काय? दसऱ्याला मीच पूजा केली ना, काचेच्या कपाटात मांडलेल्या लॅपटॉपची! तूच बोल्लास, बाबा हलू टाका, नंतर इकायचाय."

दुकानात वाचनालयासारखी शांतता पसरली. प्रभाकररावांना ती फार ओळखीची आणि सुखाची वाटली.

पुढचं काम काळूरामांनीच केलं. "दसऱ्याची पूजा केलेली लक्ष्मी नवी म्हनून इकलीस? घरात ठेवायची असते ती!" दीपेशने मान खाली घालून आतून चिकटपट्टीबंद खोकं आणलं. प्रभाकररावांनी ते चारही बाजूंनी पाहिलं, मग स्वतःच्या हाताने उघडलं, लॅपटॉप उलटा धरला आणि भर दुकानात टकटक केलं. काही पडलं नाही. बॅटरीचा अहवाल उघडला. शून्य. निघताना काळूरामांनी त्यांच्या हातात त्या जाड तांदळाची पुरचुंडी ठेवली. कुमुदताईंनी ती तक्रार न करता पर्समध्ये घेतली.

संध्याकाळी सत्यजीतला सगळं सांगितलं.

"बाबा," तो जरा दबक्या आवाजात म्हणाला, "मी परवा ऑनलाइन फोन घेतला. खोक्याची पट्टी थोडी उचललेली वाटतेय. तो नवीन आहे का, कसं बघायचं?"

प्रभाकरराव खुर्चीत मागे टेकून बसले.

"आधी उलटा धर," ते म्हणाले. "आणि हे बघ, यापुढे काही घ्यायचं तर मला विचारून घेत जा."

मग पिशवी उचलून ते वांगी आणायला निघाले.