घराचा जीव रणपिसेंवर

गोडोलीतला फ्लॅट विद्याधर शेवडे यांनी रीतसर विकत घेतला आणि राहायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घराचा जीव तपासणीला आलेल्या इंजिनिअरवर जडला आहे.

घर घेताना शेवड्यांनी कसलीही घाई केली नव्हती. ते साताऱ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत आणि नकाशा पाहिल्याशिवाय कुठे पाऊल टाकत नसत. एजंट जमादारभाईंनी जागा दाखवली, वकील कणसे मॅडमनी कागद तपासले आणि नलिनीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सांगण्यावरून बांधकाम तपासायला रणपिसे नावाचे इंजिनिअर बोलावले. रणपिसे पन्नाशीचे, चष्मा लावणारे, हळू आवाजात बोलणारे. चपला बाहेर काढूनच ते आत आले. छोट्या हातोडीने भिंती ठोकून पाहिल्या, मग बेडरूमच्या एका भिंतीला कान लावून त्यांनी विचारलं, "इथं फार सोसलंय का?"

शेवड्यांना वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. ते म्हणाले, "कल्पना नाही." रणपिशांनी मान हलवली आणि भिंतीवर तळहात ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. घर चांगलं आहे, घ्या, असा त्यांनी निर्वाळा दिला.

राहायला गेल्यावर घराने शेवड्यांना त्रास असा काही दिला नाही. नळाला पाणी येई, पण बारीक. दिवे लागत, पण पिवळट. गॅलरीचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. शेवडे म्हणत, जुनी इमारत आहे, चालायचंच.

मग एकदा रणपिसे आपली विसरलेली छत्री न्यायला आले. त्यांनी बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ते नलिनीनेही उघडलं नव्हतं आणि शेवड्यांनीही. स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहायला लागला. गॅलरीचं दार आपोआप सरकलं आणि घरभर वारा खेळला. रणपिसे ओशाळून म्हणाले, "बरं आहे ना सगळं?" हेही त्यांनी भिंतीकडे बघूनच विचारलं. ते गेले आणि पाणी पुन्हा बारीक झालं.

"यांना दर रविवारी जेवायला बोलवू या," नलिनी म्हणाली. "कपडे तरी नीट धुऊन होतील."

शेवडे त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते जमादारभाईंकडे गेले. भाईंना आश्चर्य वाटलं नाही. "सर, इंजिनिअर नेताना तुसडा माणूस न्यावा. मी सगळ्यांना सांगतो. तुम्ही रणपिसेसाहेबांना नेलंत. त्यांच्या पाठीमागं निम्मी शाहूपुरी लागलीय."

"निम्मी शाहूपुरी म्हणजे?"

"घरं, सर. माणसं नाहीत."

कणसे मॅडमनी खरेदीखत पुन्हा काढून वाचलं. "जागा, वहिवाट, हवा, उजेड, पाणी, सगळं तुमच्या नावावर आहे. जिव्हाळा यात येत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पार्किंगचं विचारलंत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बहुतेक लोक पार्किंगचंच विचारतात."

शेवड्यांनी स्वतः प्रयत्न करून पाहिला. बाजारातून तसलीच हातोडी आणली. नलिनी भाजी आणायला गेली असताना ते बेडरूमच्या भिंतीपाशी गेले, हलकेच ठोकलं आणि मऊ आवाज काढून विचारलं, "फार सोसलंय का?" छताचा एक पोपडा सुटून त्यांच्या चहात पडला. त्यांनी भिंतीला कान लावला. शेजाऱ्यांचा मिक्सर तेवढा ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात हॉलच्या भिंतीवर ओल उमटली. तिला चष्मा होता. शेवडे तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायला लागले. शाळेत मुलांना खडकांचे प्रकार शिकवताना त्यांची जीभ अडखळली आणि 'अग्निजन्य'च्या जागी ते 'रणपिसे' म्हणाले. मुलांनी तसंच उतरवून घेतलं.

शेवटी एका रविवारी ते तावातावाने शाहूपुरीत रणपिशांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकून झालं होतं. पण रणपिसे आपल्याच घराच्या ओट्यावर बाहेर बसले होते. दार बंद होतं. रणपिसेवहिनींनी खिडकीच्या गजांमधून त्यांना चहाचा कप दिला आणि शेवड्यांना पाहून आणखी एक ओतला.

"आत घेत नाही," रणपिसे म्हणाले. "सकाळी करंज्याला एक बंगला बघून आलो. अंगाला दुसऱ्या घराचा वास आला, की हे असं करतं."

"रोज?"

"माझं कामच ते. घराशी दांडगाईनं बोललं, की ते काही सांगत नाही. मग प्रेमानं बोलावं लागतं. हिला ते पटतं. या घराला पटत नाही."

"सण असला तरी हे बाहेरच," वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

शेवड्यांनी घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं. त्यांनी त्या घराकडे पाहिलं. बैठं, कौलारू, निळसर चुन्याचं घर. खिडक्या घट्ट आवळलेल्या, फक्त वहिनींपुरती एक उघडी. शेवड्यांना एकदम फार ओळखीचं वाटलं. ते पुढे झाले, भिंतीला खांदा टेकून उभे राहिले आणि कुणाचीही नक्कल न करता, आपल्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मला कळतं रे तुझं. माझंही तेच चाललंय."

आतली कडी पडली. दार उघडलं.

रणपिसे घाईने उठले. दार त्यांच्यापुढे लोटलं गेलं आणि शेवड्यांसाठी पुन्हा उघडलं. शेवडे आत गेले. पंखा आपणहून सुरू झाला. खुर्ची थोडी पुढे सरकली. ते बसले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना पाठ टेकल्यासारखं वाटलं. खिडकीबाहेरून रणपिसे आत पाहत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मला त्या खुर्चीत कधी बसू दिलं नाही त्यानं." वहिनींनी शेवड्यांपुढे पोहे ठेवले. शेवड्यांनी ते सावकाश खाल्ले.

संध्याकाळी ते गोडोलीला परतले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खांद्याला निळसर चुना लागला होता. त्यांनी किल्ली फिरवली. दार उघडेना.

"नलिनी, कडी काढ."

"मी लावलीच नाही," आतून नलिनी म्हणाली. "ओढतेय, पण निघत नाहीये. नळ बंद झालेत, दिवे सारखे लागतायत नि विझतायत. कुठं होतात तुम्ही?"

"शाहूपुरीला."

आत काहीतरी धाडकन आपटलं.

"कपाटाचं दार," नलिनी म्हणाली. "अहो, काहीतरी बोला त्याच्याशी. फार चिडलंय."

शेवड्यांनी बंद दारावर हात ठेवला. लाकूड तापलेलं होतं आणि बारीक थरथरत होतं. त्यांनी खांद्यावरचा चुना झटकला नाही. चपला काढून ते जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसले. आत जायची त्यांना मुळीच घाई नव्हती.