सासरेबुवांचं आत्मचरित्र आणि नवी सिस्टीम

"कम्प्युटरवाल्याला कशाला बोलवायचं? हा तर माझ्या डाव्या हाताचा खेळ आहे!" असं म्हणून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या आणि तिथेच बायकोने देवाला हात जोडले.

घरचा कम्प्युटर इतका मठ्ठ झाला होता, की चालू करून आंघोळ उरकून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे! जुनी सिस्टीम काढून नवी घालायची, हे ठरलं. पण त्याच कम्प्युटरवर सासरेबुवांचं आत्मचरित्र होतं. सासरेबुवा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. तीन वर्षं रोज येऊन एका बोटाने टाइप करत होते बिचारे! "जरा वाचून बघा," म्हणायचे, आणि जावईबापूंना नेमकं तेव्हाच काहीतरी काम निघायचं.

"अहो, बाबांच्या लिखाणाचं काय?"

"पेन ड्राइव्हवर घेतलंय! मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे?"

आता नवी सिस्टीमही आधी पेन ड्राइव्हवर उतरवावी लागते. घरात पेन ड्राइव्ह एकच. 'भरपूर जागा आहे की!' म्हणत त्यांनी तोच खुपसला. पडद्यावर प्रश्न आला: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? असले प्रश्न जावईबापूंनी जन्मात कधी वाचले नव्हते. 'हो' दाबायचं आणि मोकळं व्हायचं! मग नवी सिस्टीम घालताना कम्प्युटरनेही स्वतःबद्दल तेच विचारलं. पुन्हा हो!

कम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. ऐटीत जावईबापूंनी पेन ड्राइव्ह उघडला, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आत्मचरित्र ना इथे, ना तिथे!

"बाबा आलेत," बायको म्हणाली. "आता तुमचं तुम्हीच निस्तरा. मी मधे पडणार नाही!"

चाचरत चाचरत जावईबापूंनी सगळं सांगितलं. सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, चुकलो! तुम्ही म्हणाल ते करतो!"

"म्हणेन ते?" सासरेबुवा ताडकन उठले आणि त्यांनी जावयाला खुर्चीत बसवलं. "मग मी सांगतो, तुम्ही टाइप करा. रोज, ऑफिसातून आल्यावर!"

"रो... रोज?"

"तर काय! मागच्या खेपेला घाईत बरेच स्टॉप सुटले. आता प्रत्येक ठिकाणी थांबत जाऊ!"

जावईबापूंनी मोठ्या आशेने कम्प्युटरचं बटण दाबलं. मेला पापणी लवायच्या आत सुरू झाला!