मास्तरांच्या गाडीतली काळी डबी

मला फसवणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत अजून जन्मला नाही, असं मी परवाच्या शनिवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. सतरा वर्षं मी वेल्ह्याच्या कचेरीत नकलांच्या टेबलावर बसतोय. समोर कागद आला की आधी तो उजेडात धरायचा, मग सही बघायची, मग सही करणाऱ्याचं तोंड बघायचं!

गाडी घेतानाही मी हेच केलं. माझा मेहुणा धनाजी भोरला जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडूनच घेतली. "एका मास्तरांची हाय दाजी, लई जपून वापरलीया," असं तो शपथेवर सांगत होता, तरी मी बॉनेट उघडलं, डिकी हुंगली, चारी चाकांना लाथा घातल्या, आणि मगच हो म्हणालो.

गाडी उत्तम होती. दुखणं एकच, कंपनीनं बसवून दिलेला स्टीरिओ. खड्डा आला की तो बंद पडायचा आणि पुढच्या खड्ड्याला आपोआप सुरू व्हायचा, तोही अंगात आल्यासारखा पूर्ण आवाजात! आमच्या रस्त्यावर खड्ड्यांना काय तोटा? बातम्या "आज राज्यात" इथं थांबायच्या आणि "असा इशारा देण्यात आला आहे" इथं सुरू व्हायच्या. इशारा कशाचा ते मला कधी कळलंच नाही. एवढ्यावरही निभावलं असतं. पण मागच्या महिन्यात एकाच्या दहाव्याला गेलो, गाडी लावताना चाक दगडावर चढलं, आणि रडणाऱ्या बायकांच्या पुढ्यात ढोलकीवर लावणी सुरू झाली! बटण सापडेपर्यंत अख्खं कडवं झालं.

त्यात रविवारी धनाजीच्या एकुलत्या लेकीचा, प्रेरणाचा साखरपुडा. कार्यक्रम पानशेतला, आणि नवरी मुलगी जाणार माझ्या गाडीतून. म्हणून शुक्रवारी रजा टाकली आणि भोरला हाफिजभाईंच्या दुकानात गेलो. गाड्यांच्या वायरिंगमध्ये या माणसाचा हात धरणारा कुणी नाही, असं सगळे म्हणतात. सगळे एकच गोष्ट म्हणायला लागले की मला आधी शंका येते.

हाफिजभाईंनी स्टीरिओला दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "साहेब, अर्थिंगची तार ढिली झालीया. धा मिनिटांचं काम हाय."

"नवीन स्टीरिओ घालावा लागेल ना?"

"कशाला? ह्योच अजून धा वर्षं वाजंल."

झालं! माझ्या डोक्यात घंटी वाजली. दुकानदार असून हा मला नवीन माल घेऊ नका म्हणतोय? माझ्या जुन्या स्टीरिओवर याचा डोळा तर नाही? आतलं चांगलं काढून घेईल आणि भलतंच घालून ठेवील! "विचार करून सांगतो," म्हणालो आणि गाडी परत वेल्ह्याला आणली. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले. तार आवळायला काय इंजिनियर लागतो?

शनिवारी सकाळी अंगणात गाडी लावली, उकाडा होता म्हणून माझ्या बाजूची काच खाली केली, आणि पेचकस, सुरी, उलथनं असा सगळा सरंजाम लावून स्टीरिओ उपसला. तो बाहेर आला आणि मागे काय दिसलं? काळी डबी! काडेपेटीएवढी. दोन तारा लावलेली, आत खोल दडवलेली. वर बारीक अक्षरात एक नंबर.

सिमचा नंबर! दुसरा कशाचा असणार?

माझ्या गाडीवर कुणीतरी पाळत ठेवत होतं! गाडी कुठं जाते, कुठं थांबते, सगळं त्याला कळत होतं. आणि मग एकदम उजेड पडला. धनाजी! फोन केला की त्याचं पहिलं वाक्य काय? "दाजी, कुठं हाय?" दर वेळी! आता कळलं. मी खरं बोलतो का ते डबीवर पडताळून बघत होता लेकाचा!

कात्री घेतली आणि दोन्ही तारा कापल्या. ठिणगी उडाली, फट् झालं, आणि गाडीतला दिवा, स्टीरिओ, काचा, सगळं मुकं झालं. खाली गेलेली काच खालीच राहिली. मी तिकडे लक्षही दिलं नाही. पुरावा रुमालात बांधला आणि फोन लावला.

"दाजी, कुठं हाय?"

"कुठं आहे ते तुला चांगलं माहीत आहे! धनाजी, मला सगळं कळलंय. गाडीत काय बसवलं होतं ते!"

पलीकडून हळूच आवाज आला, "ताईनं सांगितलं व्हय?"

ताईनं! म्हणजे माझी बायको! मी घरात गेलो. अश्विनी उद्याच्या साडीला फॉल लावत बसली होती.

"धनाजीनं कबूल केलंय," मी म्हणालो.

तिची सुई थांबली. "मीच त्याला म्हणाले होते, यांना सांगू नकोस. तुमचा स्वभाव काय मला माहीत नाही? उगाच मनात घेऊन बसला असतात."

"तीन वर्षं तू गप्प राहिलीस?"

"त्यात एवढं काय झालं? काढून टाकलंय ना ते!"

रुमाल माझ्या खिशात, आणि ही मला सांगतेय काढून टाकलंय! "चल भोरला," मी म्हणालो, "समोरासमोर होऊ दे!"

नसरापूरमार्गे भोरला जाईपर्यंत उघड्या काचेतून सगळ्या रस्त्याची धूळ माझ्यावर बसली. धनाजीच्या दारात उतरलो तेव्हा मी पिठाच्या गिरणीतून निसटलेल्या माणसासारखा दिसत होतो. घरात माणसांची वर्दळ. प्रेरणाच्या हातावर मेंदी काढणं चाललेलं. सासूबाई धोंडाबाई ओसरीवर पानसुपारी मोजत होत्या. आणि खुर्चीवर, चहाचा कप हातात घेऊन, मुलाचे वडील हनुमंतराव बसलेले! उद्या माणसं किती येणार ते सांगायला ते पानशेतहून मुद्दाम आले होते. मला ते दिसले, पण तोवर तोंड सुटलं होतं.

"तीन वर्षं माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"पाळत?" धनाजी दचकला. "कसली पाळत दाजी? दोन पेडल व्हती, तेवढीच!"

"पेडल?"

"डाव्या अंगाला. येक ब्रेक, येक क्लच. डायव्हिंग स्कूलची गाडी व्हती ती. म्या पेडल काढली आन वर पायपुसणं टाकलं."

"तू मास्तरांची म्हणाला होतास!"

"खोटं न्हाई बोललो दाजी. डायव्हिंगचा मास्तरच व्हता त्यो!"

"आमची प्रेरणा त्याच गाडीवर शिकली की," सासूबाई सुपारी न सोडता म्हणाल्या. "समद्या भोरला ठावं हाय जावईबापू. तुमास्नीच तेवढं ठावं नव्हतं."

चारी चाकांना लाथा घालणारा मी! डाव्या बाजूचं पायपुसणं तेवढं उचलून बघितलं नव्हतं. पण हार कसली मानतोय? मी रुमाल सोडला. "मग हे काय आहे?"

सगळे वाकून डबीकडे बघायला लागले. धनाजीचा चेहरा बदलला. "ह्ये म्या न्हाई बसवलं. पर इकायच्या आदी गाडी चार म्हैनं माज्याकडं व्हती..." आणि त्यानं सावकाश आपल्या बायकोकडे, शिवानीकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय?" शिवानी कडाडली. "मला मोबाईलचा रिचार्ज मारता येत न्हाई! आन त्या चार म्हैन्यांत तुमी असं कुठं गेला व्हता, म्हणून पाळतीचं भ्या वाटतंया?"

तेवढ्यात कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. हनुमंतराव उठून उभे राहिले होते.

"जरा थांबा. आमचं घर बघायला तुम्ही आला होता, ती हीच गाडी का?"

"व्हय, दाजींचीच," धनाजी म्हणाला.

"दोन तास आमच्या अंगणात उभी होती. आम्ही बाहेरच बसलो होतो. घरातलं बोलत होतो." त्यांनी टोपी सारखी केली. "धनाजीराव, उद्याचं आपण जरा थांबवू."

माजघराच्या दारात प्रेरणा उभी होती. एका हातावर मेंदी पूर्ण, दुसऱ्यावर अर्धी. ती माझ्याकडे बघत होती. लहान असताना माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली पोर! खरं सांगतो, त्या वेळी जमीन फाटून मी डबीसकट आत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"मामा," ती म्हणाली, "हे हाफिजचाचांना दाखवलं का कुणी?"

कुणीच दाखवलं नव्हतं. तिनं मेंदी सांभाळत दोन बोटांनी फोन लावला. हाफिजभाई हातातलं काम टाकून आले. डबी उलटीपालटी केली.

"ही तर कंपनीचीच हाय. एरियलला रेडिओ बारीक ऐकू येतो, त्यो ही मोठा करती. माज्या दुकानात अशा धाबारा पडल्यात."

"आणि हा नंबर?" मी विचारलं.

"पार्टचा नंबर. आन तारा कुणी कापल्या?"

तिथली एकूण एक मान माझ्याकडे वळली होती.

हाफिजभाई डॅशबोर्डखाली शिरले. तारा जोडल्या, फ्यूज बदलला, ढिली तार आवळली. काच वर गेली, रेडिओ लागला. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं, पण सासूबाईंनी बघितलंच. "धा मिन्टं," त्या म्हणाल्या.

मग मी हनुमंतरावांपुढे हात जोडले. "चूक माझी. संशय माझा. या पोरीचा किंवा हिच्या बापाचा यात काडीचा दोष नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण तिचं कार्य थांबवू नका."

हनुमंतराव माझ्या धुळीनं माखलेल्या तोंडाकडे बघून खो खो हसले. साखरपुडा ठरल्यावेळी होईल म्हणाले. फक्त मुलीला न्यायला ते स्वतःची गाडी पाठवतील. आणि माझी गाडी? "आणा की," ते फार अदबीनं म्हणाले, "पण हॉलपासून जरा लांब लावा."

लांब म्हणजे किती, ते विचारायची हिंमत झाली नाही. त्यामुळे रविवारी भर उन्हात मी आणि अश्विनी पेढ्यांची ताटं घेऊन अर्धा किलोमीटर चालत होतो. निम्म्या वाटेवर ती शनिवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आता काय चाललंय डोक्यात?"

"कुठं काय? काही नाही."

खरं म्हणजे चाललं होतं. त्या दिवशी अंगणात बसून हनुमंतराव असं काय बोलले असतील, की एवढ्याशा डबीला घाबरून लग्नच मोडायला निघाले? पण मी ते बोललो नाही. एवढी सुधारणा माझ्यात झाली आहे.