रामदासअप्पा आणि फिक्स लेन्स

रामदासअप्पा जवळजवळ वर्षभर गळ्यात वाळू भरलेला पाइप अडकवून हिंडत होते.

चार इंची पांढरा पीव्हीसी पाइप, हातभर लांब. दोन्ही तोंडांना टोपणं, आत वाळू आणि मुलीच्या जुन्या दप्तराचा पट्टा. घोडेगावच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना, वरातीत, दशक्रियेला, सगळीकडे पाइप सोबत. नवखा माणूस आधी दचकायचा, मग माझ्या दुकानात येऊन हळूच विचारायचा, "ते शेजारचे स्टुडिओवाले, त्यांची तब्येत बरी आहे ना?" माझं औषधांचं दुकान त्यांच्या फोटो स्टुडिओला लागूनच, त्यामुळे असल्या चौकश्या माझ्याकडेच यायच्या.

तब्येत ठणठणीत होती. अप्पांना फक्त एक लेन्स घ्यायची होती. लांबचं जवळ आणणारी, जंगलातली जनावरं नाहीतर मैदानावरचे खेळ टिपायला लोक वापरतात तसली. अशा लेन्सा भारी जड असतात. आपल्या मानेला कुठली झेपेल हे कळावं म्हणून अप्पा किराणा दुकानाच्या काट्यावर तेवढ्या वजनाची वाळू मोजून पाइपात भरायचे आणि काही दिवस वागवून बघायचे. "ह्या आठवड्यात तीनशेची चाललीय," म्हणायचे. "सोमवारपास्नं चारशेची घालतो गळ्यात." (हे आकडे वजनाचे नव्हेत, लेन्स किती लांबचं जवळ आणते त्याचे.)

त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी, हे सगळं शांतपणे सोसलं. एकदाच म्हणाल्या, "ऋतुजाच्या वेळंला मी नऊ महिने वागवलं, पर गावभर सांगत न्हाई फिरले."

अप्पांचं एक पालुपद होतं, "उजेडाचं बोला." जगातल्या कुठल्याही वस्तूची तुम्ही तारीफ करा, अप्पा म्हणणार, "ते ऱ्हाऊ द्या, उजेडाचं बोला." एकाच्या मुलीला स्थळ आलं, घर मोठं, शेती बागायती. अप्पांनी विचारलं, "खिडक्या पूर्वंला हायेत का?" माझ्या दुकानात ते पाऊल टाकायचे ते वर ट्यूबलाइटकडे बघतच. "डॉक्टर, ह्या उजेडात तुमी गोळ्या देता? धाडस हाय राव तुमचं." (औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला आमच्याकडे सरसकट डॉक्टर म्हणतात. मी दुरुस्ती करणं कधीच सोडलं.)

मी एकदा सुचवलं की, पुढंमागं होणारी झूम लेन्स घ्या, सगळ्या अंतरांना चालेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अर्धवट कोर्स सोडणाऱ्या पेशंटकडे बघतो.

"झूम म्हंजे समद्यांना हो म्हणणारा माणूस, राव. फिक्स म्हंजे फिक्स. तिचं अंतर एकच. पर त्या अंतरावर जीव ओतती ती."

फिक्समध्येही शेवटी भांडण उरलं दोघींचं. एक पाचशेची. लांबचं बघणारी, हलकी, मात्र तोंड लहान, त्यामुळे उजेड कमी आत घेणारी. दुसरी चारशेची. तिचं तोंड ताटलीएवढं, उजेड भरपूर, पण वजन नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. अप्पा रोज दुपारच्या चहाला एकीची बाजू घ्यायचे. आदल्या दिवशीची बाजू मी घ्यायची, असा आमचा करार होता.

स्टुडिओतही त्यांची एक तऱ्हा होती. फोटोग्राफर म्हटला की तो "इकडं बघा, जरा हसा" म्हणणारच. अप्पा अवाक्षर काढायचे नाहीत. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस स्टुलावर बसायचा, इकडेतिकडे बघायचा, भिंतीवरचं घड्याळ वाचायचा, आणि अप्पा कॅमेऱ्यामागे मुक्यानं उभे. कंटाळून त्या माणसानं आपणहून समोर बघितलं की मगच खटका दाबायचे. लग्नातही तेच. नवरा-नवरी अवघडून उभे, आणि फोटोग्राफर झाडासारखा. मला वाटायचं, हा एक आणखी चक्रमपणा.

पाइपाची परीक्षा मात्र त्यांनी कसून घेतली. बैलगाड्यांच्या शर्यतीला मी त्यांच्यासोबत होतो. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, कडेला, माणसांच्या गर्दीत, अप्पा पाइप डोळ्याला लावून धावपट्टीवर नेम धरून उभे. माइकवरचा निवेदक गाड्यांची नावं पुकारता पुकारता थांबला. "कडंला पाइप घेऊन उभं असलेलं पावणं! इथं बोअर न्हाई घ्यायची! मागं सरका, गाडा सुटतोय!" सगळा घाट हसला. अप्पांनी पाइप खाली केला नाही. गाडा गेल्यावर मला म्हणाले, "दिवसाउजेडी पाचशेची फस्क्लास."

तळेघरच्या पुढे रानात शेकरू बघायला गेले ते जड पाइप घेऊन. एसटी चुकली म्हणून बरंच चालले. शेकरू झाडाच्या पार शेंड्याला, त्यामुळे मान वर. परत आले तेव्हा मान अशी आखडली होती की, आठवडाभर गिऱ्हाइकांचे फोटो तिरके निघाले. माझ्याकडून मलमाच्या ट्यूबा नेताना पुटपुटले, "जंगलाला हलकीच बरी. पाचशेची."

आणि मग बिबट्या. पारगावला त्यांचं लग्नाच्या ऑर्डरचं बोलणं होतं, मला तिथे मावशीकडे जायचं होतं, म्हणून त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. कारखान्याची तोडणी सुरू, निम्मा ऊस उभा, निम्मा आडवा. येताना दिवस कलला होता. वळणावर उसातून बिबट्या बाहेर आला, रस्ता ओलांडला आणि बांधावर थांबून आमच्याकडे वळून बघायला लागला. अप्पांनी गाडी थांबवली, पाइप उचलला, शांतपणे नेम धरला आणि जिभेनं आवाज काढला, "खटक्."

बिबट्या निघून गेला. बहुधा अपमान झाल्यासारखा.

"अप्पा," मी मागून त्यांचा शर्ट ओढला, "पळवा गाडी."

"पाचशेची असती तर नुसत्या मिशा आल्या असत्या," ते विचारात पडले होते. "पर बिबट्या रोज का एवढा जवळ येतोय? पाचशेचीच घ्यावी."

तर असा निकाल लागला. शर्यत म्हणाली हलकी, शेकरू म्हणालं हलकी, बिबट्यानंही हलकीलाच मत दिलं. अप्पा पुण्याला गेले. मी पेढे मागून ठेवले. संध्याकाळी ते परतले, खोकं उघडलं, आणि आतून निघाली चारशेची. जड. ताटलीएवढ्या तोंडाची. पांढरीशुभ्र.

"अहो, ही तर भारीवाली!"

"उजेडाचं बोला," अप्पा म्हणाले.

"आणि मानेचं?"

"मान माझी हाय." मग लेन्सवर रुमाल फिरवत हळूच म्हणाले, "संध्याकाळचं काम असतंय, डॉक्टर."

संध्याकाळचं म्हणजे बिबट्या, असं मी धरून चाललो. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा दिवस कलायच्या आत स्टुडिओचं शटर खाली यायचं आणि अप्पा नि वहिनी मोटारसायकलवरून जायचे, वहिनींच्या मांडीवर ती पांढरी लेन्स. पण भिंतीवर ना बिबट्या लागला, ना शेकरू. विचारलं की अप्पा म्हणायचे, "अजून जमंना."

मग एका दुपारी शोभावहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, आज ह्यांच्यासंगं जाता का? दर वेळंला मी जाते. आज बहिणीच्या सुनंचं डोहाळजेवण हाय, मोडता येत न्हाई."

"बिबट्याकडे?" मी सावध झालो.

"कसला बिबट्या!" वहिनी हसल्या. "जुन्नरच्या अंगाला जायचंय. एकटं सोडवत न्हाई ओ त्यांना तिथं."

गेलो. एका गावात शाळेसमोर खतांच्या दुकानाची दुमजली इमारत. दुकानदाराच्या लग्नाचे फोटो अप्पांनीच काढलेले, त्यामुळे त्यानं न विचारता गच्चीची किल्ली दिली. वर गेलो. रस्त्यापलीकडे शाळेचं मैदान, चार खांबांवर दिवे, आखलेलं कबड्डीचं मैदान आणि भोवती गर्दी. मुलींचा सामना होता. पोरी अंग मोकळं करत होत्या. त्यातली एक मी लांबूनही ओळखली. अप्पांची ऋतुजा.

"अहो, ही तर आपली ऋतू! मग इथं कशाला बसायचं? खाली चला की."

"न्हाई राव." अप्पा लेन्सला खालून टेकू देणारा दांडा बसवत होते. "मला मनाई हाय."

दांडा बसला तरी ते त्याचा स्क्रू फिरवत राहिले. मग म्हणाले, "दहावीत व्हती तवाची गोष्ट. मी रेषेला खेटून उभा. हातात ती लग्नातली बारकी लेन्स. पोरगी चढाईला गेली, लई झकास गेली. मला तिचं तोंड पायजे व्हतं फोटूत. ती पाठमोरी. आन तोंडातनं निघून गेलं, ऋतू, इकडं बघ!"

मी दांडा खालून धरून ठेवला.

"बघितलं तिनं. बाप हाक मारतोय म्हणल्यावर बघणारच की. तेवढ्यात तिघींनी धरली. गुडघा गेला. वरीसभर पोरगी घरात बसून व्हती." अप्पांनी स्क्रू आणखी पिळला. "चिडली न्हाई. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, अप्पा, तुमी जवळ असला की माझं ध्यान तुमच्याकडं जातं. नका येऊ."

पासपोर्ट फोटोला आलेली ती सगळी ताटकळलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली.

"म्हणून मंग गच्च्या हुडकल्या," अप्पा जरा उजळले. "मंचरला मेव्हण्याची गच्ची हाय. खेडला पाण्याच्या टाकीचा जिना. इथं हे खतवाले. अंतर समदीकडं जवळपास सारखंच. बारक्या लेन्समधनं मुंगीएवढी दिसायची, कोन ऋतू आन कोन दुसरी कळायचं न्हाई. आन सामने समदे दिवे लागल्यावर. त्या उजेडात हलकी लेन्स आंधळी, राव."

सामना सुरू झाला. अप्पा लेन्सला डोळा लावून बसले आणि खटके पडू लागले. ऋतू बुटाची नाडी बांधतेय, खटक्. केस घट्ट करतेय, खटक्. मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून हसतेय, खटक् खटक् खटक्. एवढ्या लांबून त्यांना तिचं हसू दिसत होतं आणि त्यांच्या तोंडावर ते जसंच्या तसं उमटत होतं.

मग ऋतू चढाईला निघाली. आणि खटके बंद पडले.

मला वाटलं, कॅमेरा अडकला. वळून बघतो तर अप्पांनी दोन्ही डोळे गच्च मिटलेले. एका हातानं लेन्स धरलेली, दुसऱ्यानं माझी बाही.

"गेली का?"

"गेली. अप्पा, बघा की!"

"तुमी सांगा. कितीजणी हायेत?"

"पाच. डावीकडे गेली... कोपऱ्यातलीला पाय मारला... दोघी धावल्या अंगावर..."

"आली का परत? डॉक्टर, आली का?"

"आली! दोघींना बाद करून आली!"

अप्पांनी डोळे उघडले, लेन्समध्ये घातले आणि खटके पुन्हा सुरू. कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी ऋतू. घाम पुसणारी ऋतू. सगळा वेळ हे असंच चाललं. ती निघाली की डोळे मिटायचे, परतली की उघडायचे. वर्षभर वाळू वाहून, मान मोडून घेतलेल्या त्या लेन्सनं एकही चढाई टिपली नव्हती. शेवटच्या चढाईला तिला मधोमध धरली आणि चौघी वर पडल्या. माझ्या दंडाला अप्पांची नखं रुतली.

"उठली का?"

"थांबा... हो, उठली."

"पाय?"

"नीट टाकतेय."

"गुडघ्याला हात लावतीय का?"

"नाही हो. धूळ झटकतेय."

कोण जिंकलं हे त्यांनी विचारलंच नाही. जिना उतरताना मीच सांगितलं की ऋतूचा संघ हरला. "व्हय का," म्हणाले आणि लेन्सला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतू दुकानात आली. कोपराला गुंडाळायला पट्टी हवी होती. पैसे देता देता म्हणाली, "काका, काल गच्चीवर तुमी व्हता ना अप्पांसंगं? आई न्हाई दिसली."

मी पट्टी हातातच धरून राहिलो. "तुला दिसतं?"

"एवढी पांढरी तोफ दिसत न्हाई व्हय? पयल्या सामन्यालाच दिसली. आमच्या समद्या पोरींना म्हायतीय."

"मग ध्यान जात नाही तुझं?"

"जातं की. चढाईच्या आधी एकदा वर बघून घेते. हायेत म्हणलं की बरं वाटतं."

"अगं, मग सांग ना त्यांना! मनाई उठव. बिचारे गच्च्यांवर का चढतात? खाली सगळ्यांसोबत बसतील."

ऋतूनं दारातून शेजारच्या स्टुडिओकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नको काका. आईनं सांगितलंय मला, मी निघाले की डोळे मिटून घेत्यात म्हणून. खाली एवढ्या माणसांत कसे मिटतील? वर आपलं कुणी बघत न्हाई."

पट्टी खिशात टाकून ती पायऱ्या उतरली.