मेश्रामजींची चाकांवरची खोली

कोणत्याही मोटारीत बसल्याबरोबर मेश्रामजी आधी चारही काचा वर करायचे, डोळे मिटायचे आणि एकच टाळी वाजवायचे. मग मान तिरकी करून ती टाळी कुठे कुठे जाऊन आली, हे ऐकत बसायचे. मोटार कुणाची आहे, बाहेर मे महिन्याचं ऊन आहे की काय, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे.

आमच्या मोठ्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांना स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघे गेलो होतो. साहेब गळ्यात हार घालून मागे बसलेले, डोळे जरा ओलावलेले. ड्रायव्हरनं गाडी सुरू करायच्या आत मेश्रामजींनी काचा वर केल्या आणि खणखणीत टाळी वाजवली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपल्या जाण्याचा एवढा आनंद कुणी तोंडावर दाखवेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. मेश्रामजी मात्र वळून कौतुकानं म्हणाले, "साहेब, तुमची खोली चांगली आहे जी. कोपरे नाही बोलत."

मेश्रामजींच्या लेखी मोटार म्हणजे वाहन नव्हतं, चाकांवरची खोली होती. ती किती पळते, किती तेल पिते, हे प्रश्न इतरांनी विचारावेत. ते विचारायचे, आत बसून गाणं कसं ऐकू येईल? "चाकं काय पाहता, खोली पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑफिसच्या जीपला त्यांनी नापास केलं होतं. "ताडपत्रीचं घर आहे ते. आवाज येते अन् पाहुण्यासारखा निघून जाते." अँबॅसिडर टॅक्सीला पासापुरते मार्क होते. "चाळीतली खोली आहे. ठासून भरलेली. पण स्वभावानं चांगली."

मी मूळचा साताऱ्याचा. टेलिफोनच्या नोकरीत बदली होऊन ऐंशी सालच्या आसपास नागपूरला आलो आणि अजनीला त्यांच्या समोरचं क्वार्टर मला मिळालं. मेश्रामजी नागपूरच्याच इंदोऱ्यात वाढलेले, पन्नाशीला आलेले, काटकुळे. बुशशर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. ऑफिसात ते लाइनचे दोष शोधायचे, तेही कानानं. रिसीव्हर कानाला लावून दोन मिनिटं ऐकायचे आणि सांगायचे, "महालच्या पुढं पाणी शिरलं केबलमंधी." माणसं जाऊन खणायची, तर खरंच पाणी.

घरात गाणं ऐकायचं सोडून हे मोटारीत कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी मला त्यांच्या बैठकीत बसवलं. पाच मिनिटांत शेजारचा कुकर तीनदा ओरडला, नळावर भांडण झालं, भंगारवाला गेला आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी पाट्याला टाकी लावीत बसलं.

"समजलं का?" ते म्हणाले. "ही काही खोली नोहे कदमजी. हा रस्ता आहे, वरून छत टाकलं फक्त. खोली अशी पाह्यजे की आवाजापासून उचलून दूर नेता आली पाह्यजे."

ती उचलून नेण्याची खोली म्हणजे त्यांची लँडमास्टर. माझ्या लग्नाच्या आधीची गाडी, एका लाकूडवाल्याकडून आलेली. दारांच्या पोकळीत त्यांनी कापूस ठासून भरला होता. छताला आतून रजई शिवली होती. पायांखाली गोणपाटाचे चार थर. मागच्या काचेपाशी सागवानाच्या दोन पेट्या, त्यात स्पीकर. पेट्या स्वतः रंधून, पॉलिश करून केलेल्या. कॅसेट वाजवायचं यंत्र विकतचं, पण त्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर स्वतः जोडलेला. बाहेरून पाहणाऱ्याला ती भंगाराच्या वाटेवरची मोटार वाटे. आत शिरलं की गादीच्या कारखान्यात आल्यासारखं वाटे.

आणि ही मोटार चालू असताना गाणं लावायची सक्त मनाई होती. इंजिनचा आवाज मधे येतो ना! म्हणून रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर जायचं, झाडाखाली इंजिन बंद करायचं, काचा लावायच्या आणि मग ऐकायचं. "गाडीचे दोन कामं असतात," ते मला समजावत. "न्यायचं अन् थांबायचं. न्यायचं काम तं बस बी करते."

थांबण्याच्या या कामात बॅटरी उतरायची. दीडेक तास संतूर ऐकून झालं की गाडी सुरू व्हायला नकार द्यायची. म्हणून मेश्रामजी झाडापेक्षा उतार आधी शोधत. उताराची जागा दुसरं कुणी अडवील अशी शंका असली, तर ऑफिसातला एखादा सहकारी आग्रहानं गाणं ऐकायला नेला जाई. मला हे आमंत्रण पहिल्यांदा आलं तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. गाडी ढकलून परत आलो तेव्हा माझी बायको म्हणाली, "गाणं ऐकायला गेला होतात की विहीर खणायला?"

पुढच्या सीटवर नेहमी सुमनवहिनी असत, मेश्रामजींची बायको. मांडीवर मेथीची जुडी नाहीतर तुरीच्या शेंगा. गाणं चालू, शेंगा सोलणं चालू. "तिले कान नाही," मेश्रामजी तिच्यादेखत सांगत. "तिले फक्त कुकरची शिट्टी समजते."

वहिनी मान वर न करता म्हणत, "शिट्टीनं भात तरी शिजते."

या सगळ्यात एक भानगड होती. मेश्रामजींना 'वरचं' सापडत नव्हतं. 'वरचं' म्हणजे गाण्यातले बारीक, तीक्ष्ण आवाज. टाळांची किणकिण, घुंगरं, संतुराच्या तारेवरचा पहिला टोला. "खालचं भरपूर आहे जी. पण वरचं कुठं गेलं?" असं दर रविवारी विचारायचे. आधी त्यांनी कॅसेटला दोष दिला. मग नागपूरच्या धुळीला. मग कापूस आवाज पितो म्हणून डाव्या दारातला कापूस काढला, आणि उजवं दार रुसलं म्हणून तिथलाही निम्मा काढला. बारीक आवाजाचे छोटे स्पीकर आणून समोर बसवले. आधी दोन होते, मग चार, मग सहा. एका रविवारी घुंगरं सुरू झाली आणि माझ्या दाढेतून कळ मस्तकात गेली. झाडाखालचं कुत्रं उठून दुसऱ्या झाडाखाली गेलं.

"लय कचकच वाजून राहिलं," वहिनी म्हणाल्या.

"तुले काय समजते वं," मेश्रामजी म्हणाले, आणि बटण आणखी पिळलं.

आता त्यांच्या स्वप्नातली मोटार. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एका परदेशी मासिकातलं चित्र चिकटवलेलं होतं. लांबलचक, फिकट निळी इम्पाला. तशीच एक इम्पाला, जुनी पण जपलेली, धंतोलीतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे होती. मेश्रामजी ऑफिसातून सुटल्यावर सायकल वाट वाकडी करून तिकडून नेत. कशासाठी? डॉक्टर गाडीत बसताना दार लागायचा आवाज ऐकायला. "आपलं दार लागते तं कसं? खडांग! अन् तिचं? धप्प. बस. जसं कोणी गादीवर बसलं." आणि डोळे मिटून म्हणत, "ती खोली नोहे कदमजी. हॉल आहे. त्या हॉलमंधी वरचं असंल."

आणि एक दिवस हा हॉल त्यांच्यासाठी उघडला. डॉक्टरांच्या भावानं परदेशातून मोटारीत बसवायचं नवं यंत्र पाठवलं होतं, स्पीकरांसकट. ते नीट बसवील असा माणूस कोण, अशी चौकशी करता करता त्यांना मेश्रामजींचं नाव कळलं. रविवारी सकाळी नऊला बोलावणं आलं. मेश्रामजी सात वाजताच माझ्या दारात. परीटघडीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. "तुमी चला संगं," म्हणाले.

डॉक्टरांच्या अंगणात ती निळी गाडी उभी होती. मेश्रामजींनी दार उघडलं, मग थबकले, चपला काढून फरशीवर नीट जोडून ठेवल्या आणि देवळात शिरावं तसे आत गेले. काचा वर. टाळी. मी बाहेरून पाहत होतो. ते इतका वेळ डोळे मिटून बसले, की डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना बरं नाही का?"

दुपारपर्यंत काम झालं. एकही तार दिसत नव्हती, एकही स्क्रू जादा उरला नव्हता. मेश्रामजींनी खिशातून आपली संतुराची कॅसेट काढली. मी आणि डॉक्टर मागे बसलो. त्या शांततेत पहिला सूर असा आला की मला साताऱ्यातल्या घरामागचा ओढा आठवला. एवढं स्वच्छ मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं.

मेश्रामजींनी बटण थोडं पिळलं. मग आणखी. मग पार शेवटपर्यंत. डॉक्टरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. समोर मेश्रामजी पाठमोरे, पुढं झुकलेले.

"हितं बी नाही," ते हळूच म्हणाले. "वरचं कुठं गेलं जी?"

डॉक्टरांनी पुढं हात लांबवून गाणं बंद केलं. मला विचारलं, "तुम्हाला कसं ऐकू येत होतं?"

"सुया टोचल्यासारखं," मी सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मेश्रामजींच्या उजव्या कानाशी धरलं. मग डाव्या. "चालू आहे का बंद?"

मेश्रामजी बराच वेळ ऐकत राहिले. ज्या माणसाला जमिनीखालच्या केबलमधलं पाणी ऐकू यायचं, तो माणूस. "बंद आहे," ते म्हणाले.

काटा पळताना मला दिसत होता.

मग डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात नेलं, चिमट्यासारखी लोखंडी अवजारं कानाशी वाजवून पाहिली. जाड आवाजाची ऐकू आली, बारीक आवाजाची नाही. वडिलांचं विचारलं. वडील गिरणीत होते, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मेश्रामजी, दोष गाडीत नाही आणि स्पीकरमध्येही नाही. माणसांचं बोलणं तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं ऐकू येईल. पण बारीक आवाज गेले ते परत नाही यायचे."

"गाणं?"

डॉक्टर अवजारं एकेक पुसून पेटीत ठेवू लागले.

परतताना मेश्रामजी सायकल हातात धरून चालत आले. अजनीच्या पुलावर थांबले. "घरी नका सांगू," म्हणाले. "सुमन म्हनन, मी तं पयलेच सांगत होती."

त्यानंतर दोन महिने लँडमास्टर ताडपत्रीखाली होती. समोरचे सहा छोटे स्पीकर त्यांनी काढून ऑफिसातल्या दोन मुलींच्या लग्नात रेडिओसोबत भेट देऊन टाकले. रविवारी सकाळी ते पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत, आणि तेच पान तासभर उघडं असे.

एक दिवस सुमनवहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या. वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "भाऊजी, गाडी काहून बंद आहे?"

मी इकडचं तिकडचं सांगू लागलो. बॅटरी, पाऊस, टायर.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे. दोन साल झाले. पयले मी मागून चहा घेऊन गेली, तं बांगड्या वाजल्या की वळून पाहत. आता नाही पाहत. दचकतेत."

"मग तुम्ही बोलला कशा नाहीत?"

"कसं बोलू? एवढे स्पीकर लावून राहिले होते. वाटलं, एखांद्यानं येईन ऐकू." त्यांनी पदरानं वाटी पुसली. "आता मीच काही करतो."

त्यांनी काय केलं ते मला पुढच्या रविवारी कळलं. थंडीचे दिवस होते. सकाळी ताडपत्री निघाली, आणि मेश्रामजींनी मला हाक मारली. नेहमीच्या झाडाखाली गाडी उभी राहिली. पुढे ते दोघं, मागे मी. वहिनींच्या मांडीवर आज भाजी नव्हती. आपल्या बाजूची काच त्यांनी चार बोटं खाली केली. मेश्रामजींनी ती तशीच राहू दिली. संतूर सुरू झालं, साध्या आवाजात.

मेश्रामजींनी डोळे मिटले. वहिनी काचेतून समोर पाहत हळू बोलू लागल्या.

"आता बारीक वाजून राहिलं. एकेक. जसे पत्र्यावर चार थेंब पडले. आता लवकर लवकर. दोन्ही हातानं वाजवते तो. आता उजवीकडं जास्त आहे. थांबलं."

"घुंगरू आहेत?"

"नाही. घुंगरू नाही. तारच आहे. पुन्हा आली. आता लय बारीक, सुईएवढी. धरून ठेवली त्यानं. अजून आहे. अजून आहे. गेली."

मेश्रामजींनी मान हलवली. "बराबर," म्हणाले. "तिथंच जाते ती."

ज्या बाईला कान नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तिनं एक टोला सोडला नाही. मला नव्हते कळत ते आवाज वहिनींनी सांगितल्यावर मला ऐकू येत होते. मी मागे आहे हे दोघंही विसरले असावेत. मीही हलायचं नाही असं ठरवलं.

शेवटच्या बारीक सुरांवर कॅसेटची बाजू संपली. खट्‌कन बटण वर आलं. तो आवाज बारीक होता, मेश्रामजींना कळला नाही. ते तसेच डोळे मिटून, चेहरा तिच्याकडे करून बसले होते. वहिनींनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि सांगणं चालूच ठेवलं.

"आता पाखरं बोलून राहिले. दोन आहेत. एक बोलते, मंग दुसरं बोलते."

"टेपमंधी पाखरं?" मेश्रामजींनी डोळे न उघडता विचारलं.

"भायेर. झाडावर."

त्यांनी मान तिरकी केली.

"कोणते?"

"बारके, हिरवे. तुमच्या बाजूले."

"काय बोलून राहिले?"

वहिनी कान देऊन ऐकू लागल्या.