दर दोन मैलांवर रुसणारी मोटारसायकल

बुधवार पेठेत एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानावर, जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : "आप्पासाहेब. पुण्यातील अव्वल गुप्तहेर. भेटण्याची वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारी एक ते चार गुन्हा घडला तरी बेल वाजवू नये."

"माझी नजर म्हणजे ससाणा," आप्पासाहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "माझे कान म्हणजे तारायंत्र. आणि हे नाक! खोटेपणाचा वास या नाकाला चार गल्ल्यांवरून येतो."

"दूध उतू गेलेलं मात्र शेजारच्या खोलीतून येत नाही," प्रेमलाबाई आतून म्हणत. त्या आप्पासाहेबांच्या पत्नी आणि एकुलत्या एक सहायक. आप्पासाहेबांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे, म्हणून तपासाची वही त्याच लिहीत.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा बिबवेवाडी म्हणजे शेतं, विहिरी आणि मधूनच उगवलेली एखादी सोसायटी. तिथले हिंदुराव एका शनिवारी अकरा वाजता जिना चढून आले.

"थांबा, बोलू नका!" आप्पासाहेबांनी हात वर केला. "हाताला काळं. म्हणजे तुम्ही छापखान्यात आहात. डोळे लाल. म्हणजे प्रेमभंग."

"मी कारखान्यात हाय, साहेब. विश्रांतवाडीला. आणि रात्रभर मोटारसायकल खोलून बसलो होतो."

"तेच म्हणतोय मी. प्रेमलाबाई, लिहा."

हिंदुरावांची अडचण साधी होती. वडिलांनी शेत प्लॉटवाल्यांना दिलं, आलेला पैसा बहिणींच्या लग्नात गेला. आता घर चालणार ते या नोकरीवर, आणि नोकरी अजून कच्ची. ये-जा करायला त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल घेतली होती. घरी पहिल्या किकला चालू व्हायची आणि स्वारगेटला येऊन बंद पडायची. पुन्हा चालू केली की जुन्या बाजारापाशी बंद. मग येरवड्याला. रोज तीन थांबे, रोज वीस मिनिटं उशीर.

"फोरमननं काल सांगितलं, वहिनी," ते प्रेमलाबाईंकडे वळून म्हणाले. ऐकून घेणारं माणूस कोण, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. "आज-उद्या सुट्टी हाय. सोमवारी साडेसातचा भोंगा चुकला तर मंगळवारी येऊ नकोस म्हणाला."

"मिस्त्रीला दाखवलीत?"

"नियाजभाईंना तीनदा दाखवली. प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर उकळत्या पाण्यात धुतला. गडी लई टापटिपीचा. आधी ब्रश मारून गाडी लख्ख करणार, मगच पाना हातात घेणार. त्यांच्याकडून निघाली की शहाण्यासारखी पळते. खडकीपर्यंत जाऊन आलो, खोकली न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वारगेट."

"आणि बंद पडली की तुम्ही काय करता?"

"टाकीचं टोपण उघडून पेट्रोल बघतो. असतंय. टोपण उघडलं की सुस्स आवाज येतो. मग लावतो, चहा पितो, किक मारतो, चालू."

"सुस्स!" आप्पासाहेब टेबलावर मूठ आपटून उठले. "गाडी सुस्कारा टाकते. लष्करातली गाडी. तिला युद्धाची आठवण येते. लिहा, मानसिक कारण."

"बरं. औषध काय लिहू?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

औषध सुचेना, म्हणून आप्पासाहेब घटनास्थळाची पाहणी करायला खाली उतरले. गाडीभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि टाकीपाशी येऊन ते गोठले.

"रक्त!" ते कुजबुजले. टोपणाच्या मधोमध लाल डाग होता. भिंगातून पाहून झालं, नखानं खरवडून झालं, शेवटी त्यांनी ते बोट जिभेला लावलं.

"कसं आहे?" प्रेमलाबाई.

"कुंकू आहे," आप्पासाहेब थुंकत म्हणाले.

"आई लावते रोज सकाळी," हिंदुराव ओशाळून म्हणाले. "लष्करातली गाडी, कितीजणांचा जीव घेतला असंल म्हणून. तेलातलं कुंकू आन् वर अक्षता."

"म्हणजे डाग निर्दोष. लिहा. पुढे!"

रविवार संध्याकाळपर्यंत तीन संशयित झाले. पहिले नियाजभाई. त्यांच्या हाती गाडी नीट चालते, अर्थात ती बिघडवतात तेच. आप्पासाहेब त्यांना जाब विचारायला गेले. नियाजभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आप्पासाहेबांच्या सायकलची सैल झालेली चेन बसवून दिली, तेव्हा तो संशय मिटला. दुसरा स्वारगेटचा ट्रॅफिक हवालदार, कारण तो हात वर करतो तेव्हा गाड्या थांबतात. तिसरा संशय रविवारी दुपारी झोपेत सुचला.

"प्रेमला!" आप्पासाहेब ताडकन उठून बसले. "स्वारगेट, जुना बाजार, येरवडा! तिन्ही ठिकाणी काय आहे?"

"रस्ता."

"अमृततुल्य! तिन्ही ठिकाणी चहाचं हॉटेल आहे. गाडी बंद पडते, गिऱ्हाईक आत येतं, चहा खपतो. हा चहावाल्यांचा कट आहे. रस्त्याखाली मोठं लोहचुंबक पुरलं असणार."

"मग सायकली कशा जातात तिथून?"

"सायकलवाले चहा पीत नाहीत," आप्पासाहेब म्हणाले. प्रेमलाबाईंनी वही मिटली.

सोमवारी दोघं पहिल्या बसनं निघाली. आप्पासाहेब मिशा चिकटवून स्वारगेटला उतरले. गाडी थांबली की हॉटेलमालकावर झडप घालायची, असा बेत. प्रेमलाबाईंनी पुढे बिबवेवाडीला जाऊन "उगमस्थानी टेहळणी" करायची होती.

उगमस्थानी मथुराबाई, हिंदुरावांच्या आई, अंगणात गाडीची पूजा आटोपून नुकत्या आत आल्या होत्या. पाहुणी बघून त्यांनी पोहे भिजवले आणि तेलाचा नवा डबा पुढे ओढला.

"लेकाला सांगते, देवावर भार टाक," त्या डब्याला खिळ्यानं भोक पाडत म्हणाल्या. "रोज इतकी भक्ती करते म्या, तरी मेली गाडी मधीच बसती."

डबा वाकडा केला. तेलाची धार लागली, मग धार बारीक झाली, डबा एकदा डचमळला आणि तेल थांबलं.

"संपलं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"संपंल कशानं, भरलेला हाय!" मथुराबाई हसल्या. "शहरातल्या तुम्ही, सुटं त्याल आणता. दुसरं भोक नको का पाडाया? वारा आत गेल्याबिगर त्याल भाईर कसं यील?"

त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यात खिळा ठोकला. डब्यानं सुस्स केलं आणि धार धो धो सुरू झाली.

प्रेमलाबाई उठल्याच. चप्पल न घालता अंगणात गेल्या. हिंदुराव किकवर पाय ठेवून उभे होते.

"थांबा हो, भाऊजी!"

टाकीच्या टोपणावर ताजं कुंकू होतं, त्यात तांदळाचे दाणे. प्रेमलाबाईंनी पदरानं ते पुसलं. खाली, बरोबर मधोमध, सुईच्या नाकाएवढं भोक होतं. महिनोन्‌महिन्यांचं तेल, कुंकू आणि तांदळाची एक कणी त्यात सिमेंटसारखी बसली होती. नियाजभाईंच्या ब्रशनं वरचं निघालं की टाकीत थोडा वारा जाई, सकाळी पुन्हा नवा थर बसे. प्रेमलाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि भोक आरपार मोकळं केलं.

"आता जा. आणि कुठं थांबू नका. स्वारगेटला तर मुळीच नको."

मथुराबाई दारात येऊन उभ्या होत्या. पोराच्या नोकरीवर आपणच रोज बूच बसवत होतो, हे त्यांना हळूहळू उमगलं. डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "मग बाई, आता कुंकू लावू तरी कुठं?"

"दिव्याच्या कपाळपट्टीला लावा. तिथून ती श्वास घेत नाही."

संध्याकाळी पाच वाजता हिंदुराव पेढ्यांचा पुडा घेऊन बुधवार पेठेत हजर झाले.

"सातला गेटवर, वहिनी! वॉचमन आत सोडेना. म्हणाला, एवढ्या लवकर चोरच येतात. शेवटी फोरमन आला. म्हणाला, चोर न्हाई, हा आमचा उशिराचा माणूस. मला विचारलं, आज काय झालं रे गाडीला? म्हटलं, काही न्हाई, चालली. म्हणाला, मग आता हात लावू नकोस तिला. पुढच्या महिन्यात कायम करतो." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "साहेब कुठं हायेत?"

प्रेमलाबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. सकाळपासून त्यांना कसलीतरी निवांत शांतता जाणवत होती खरी.

आयुष्यात पहिल्यांदा त्या मोटारसायकलवर बसल्या आणि स्वारगेटला पोचल्या. अमृततुल्यच्या कोपऱ्यातल्या बाकावर आप्पासाहेब वर्तमानपत्राला पाडलेल्या भोकातून रस्ता न्याहाळत होते. मिशीची एक बाजू चहात भिजून ओठावर उतरली होती. मालकानं त्यांच्यासाठी दुपारी दुकान बंद करायचं रहित केलं होतं.

"उठा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "गाडी सकाळी पोचली वेळेवर. नोकरी वाचली."

"अशक्य! सहापासून मी या रस्त्यावरून नजर हटवलेली नाही."

"साहेब, मी तुमच्या पुढ्यातूनच गेलो," हिंदुराव म्हणाले. "हात पण केला."

"पाहिलं मी तुम्हाला," आप्पासाहेब तुच्छतेनं म्हणाले. "पण ती आपली गाडी नव्हे. ती चालू होती."