साबळेची मोकळी जागा

आमच्या ऑफिसातल्या साबळेकडे सुखदुःखाच्या पत्रांचा एकच मसुदा होता. 'आपल्या घरी ______ झाल्याचे कळले. ऊर भरून आला. सवडीने भेटायला येतो.' सायक्लोस्टाइल करून त्याने गठ्ठाच ठेवला होता. मोकळ्या जागेत कधी 'लग्न', कधी 'बारसे', आणि हेडक्लार्कचे सासरे गेले तेव्हा 'निधन'. हेडक्लार्क आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "मजकूर चुकला का?" एवढंच साबळेने मला विचारलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोयनानगरच्या आमच्या स्टोअरमधला सगळा माल पुण्याच्या कॉम्प्युटरवर चढवायचा होता. त्याचा आराखडा लिहून द्यायचं काम साहेबांनी आम्हा दोघांवर टाकलं. साबळे मुंबईला सहा महिने ट्रेनिंग करून आला होता. मी नुसतं पुस्तक वाचलं होतं.

माझी मांडणी साधी होती. वर 'वस्तू'. तिच्या पोटी 'यंत्र', यंत्राच्या पोटी 'पंप', पंपाच्या पोटी डिझेल पंप, हातपंप. बापाचे गुण पोराला आपोआप मिळणार, पुन्हा लिहायला नकोत. आमच्या घरी उसाची शेती आणि पलटणीतली नोकरी दोन्ही बापाकडून पोराकडे आलेली. मला त्यात काही वावगं दिसेना.

साबळेने कागद वाचला. "हातपंपाला डिझेलची टाकी कशाला रं?"

मी 'पंप' लिहिताना टाकी घातली होती, ती खाली उतरली होती. "चूक झाली," मी म्हटलं.

"चूक न्हवं. बाप बघून पोरावर वझं टाकलं की आसंच व्हायचं."

त्याचं म्हणणं असं, की साठा ठेवायची रीत एकदाच लिहायची. माल आला, दिला, उरला. कशाचा साठा, ती जागा मोकळी सोडायची. तिथे सिमेंट भरा, खिळे भरा, पंप भरा.

"उद्या कुणी तिथं म्हैस भरेल."

"भरू दे की. कडंला एकच अट लिवायची, मोजता आलं पायजे. बाप इचारायचा न्हाई."

हे त्याचं पालुपद. खिळ्यावरून, ताडपत्रीवरून, कंदिलावरून अकरा दिवस आम्ही भांडलो. मी जेवून येईपर्यंत माझी वंशावळ खोडरबराने पुसलेली असायची. साहेबांनी सोमवारची मुदत दिली, तर हा पठ्ठ्या शुक्रवारी रजा टाकून कुंडलला घरी गेला, आराखड्याची एकुलती एक प्रत पिशवीत घालून.

रविवारी मी पाटण, कऱ्हाड करत, एसट्या बदलत, त्याला शिव्या देत कुंडलला पोचलो. बौद्धवस्तीतलं शेवटचं घर. ओसरीवर साबळे म्हाताऱ्या वडिलांना चमच्याने पेज भरवत होता. त्यांचं एक अंग लुळं पडलेलं. तीन महिने झाले होते, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

"ज्येच्यासंगं भांडतोस त्यो ह्योच व्हय?" म्हाताऱ्यांनी मुलाला विचारलं. मग जड जिभेने, थांबत थांबत मला म्हणाले, "आमच्यात जलमला त्येनं मेल्यालं ढोर वढायचं, हे ठरल्यालं. आज्यानं वढलं, बानं वढलं, मी वढलं. ह्येला शाळंत घातला तवा मास्तर म्हणलं, ह्योबी त्येच करणार न्हवं? मी म्हणलं, आवं, आत्ताच काय ठरवू नगा."

साबळेने वडिलांचं तोंड पुसलं, हात धुतले आणि पिशवीतून कागद काढला.

"डिझेल पंप पंपाखाली ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "त्यो खरंच पंप हाय. बाकीचं माझ्यापरमानं लिवू."

मी मान हलवली. पाच मिनिटांत दोघांच्या सह्या झाल्या. मग कागदाची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आमच्यात जेवशील न्हवं?"

चार वर्षं टेबलाला टेबल लावून बसत होतो. पण ऑफिसातलं कुणी त्याच्या हातचं कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मीही नाही.

"भूक लागलीय," मी म्हटलं. "वाढ."

ताट करतो म्हणून तो आत गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.